चावी फिरते, इंजिन नाही!

'गाडी स्टार्ट होत नाही' हे वाक्य म्हणजे डॉक्टरांसमोर बसून 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखं आहे. खरं असतं, पण एवढ्यावरून औषध कोण देणार? डॉक्टर विचारतात, ताप आहे का? गाडीच्या बाबतीत तसा पहिला प्रश्न एकच: इंजिन फिरतंय का?

चावी मारल्यावर इंजिन 'खर्र खर्र खर्र' करत फिरतं, पण पेट घेत नाही, हा एक आजार. तिथे पेट्रोल, स्पार्क आणि हवा यांची चौकशी करायची. चावी मारली आणि इंजिन जागचं हललंच नाही, हा पूर्ण वेगळा आजार. गॅरेजच्या भाषेत 'सेल्फ उचलत नाही'. या दुसऱ्या आजारात स्पार्क प्लग घासून काही होत नाही, कार्ब्युरेटर उघडून तर मुळीच नाही. तरी लोक तेच करत बसतात, कारण ते दोन उद्योग सगळ्यांना येतात!

आजचा विषय हा दुसरा आजार, आणि तोही त्याच्या सगळ्यात महाग वेळी. म्हणजे इंजिन नुकतंच बांधून आलंय, पैसे मोजून झालेत, आणि गाडी ढिम्म.

'तुला काय, नवीन गाडी घे ना' असं म्हणणाऱ्यांनी हा आठवडा सुट्टी घ्यावी. बाकीच्यांपैकी अनेकांकडे बाबांची जुनी गाडी आहे. काहींनी पहिली गाडी म्हणून हौसेने सेकंडहँड घेतली आहे. अशा गाडीचं इंजिन कधीतरी उतरवावं लागतंच. तेव्हा गॅरेजमध्ये उभं राहून नक्की काय विचारायचं, हे माहीत असलेलं बरं.

एक मारुती, एक मामा

मित्राची केस सांगतो, कारण ती अगदी पुस्तकात घालण्यासारखी आहे.

मित्र हिंजवडीत नोकरीला. गाडी बाबांची, १९९७ सालची मारुती ८००. ज्या गाडीची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली आणि जिचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तीच ही. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. मित्राची गाडी निळा धूर सोडायला लागली, ऑइल प्यायला लागली. शेवटी इंजिन उतरवलं. ब्लॉक बोअर झाला, ओव्हरसाईझ पिस्टन आणि नव्या रिंगा आल्या, क्रँक ग्राइंड झाला, बेअरिंगं बदलली, हेडचं काम झालं. सुटे भाग मित्राने शनिवारी नाना पेठेत स्वतः उभं राहून आणले. सगळं मिळून तीस-पस्तीस हजारांना फोडणी. एवढ्या पैशांत तशीच दुसरी मारुती आली असती, हे त्याला दहा जणांनी ऐकवलं होतं. पण बाबांना गणपतीला गुहागरला जायचं होतं आणि याच गाडीने जायचं होतं. गणपती तीन आठवड्यांवर.

गाडी तयार असल्याचा फोन आला. हा हाफ डे टाकून पोहोचला. चावी मारली. 'टक्.' पुन्हा मारली. 'टक्.' बस, एवढंच.

गॅरेजवाले मामा बिनधास्त होते. म्हणाले, "नवं काम आहे साहेब, टाईट असणारच. टोचन लावू, तिसऱ्या गिअरला टाकून क्लच सोडू. शंभर फुटांत मोकळं होतंय बघा."

मित्राने बाजूला जाऊन मला फोन लावला. आवाज दबका. "अरे, ओढू देऊ का? मामांना नाही कसं म्हणू?"

खरी अडचण ही होती. मामा गेली वीस वर्षं या गाडीचे फॅमिली डॉक्टर. ताम्हिणीत क्लचची केबल तुटली तेव्हा फोनवरून सांगून यांना घरी आणणारे. बारीकसारीक कामाचे पैसे न घेणारे. अशा माणसाला, ज्याने आयुष्यात फक्त कीबोर्ड दुरुस्त केलाय अशा पोराने 'थांबा' म्हणायचं? आपल्याकडे हे अवघड असतं. आणि नेमकं तेव्हाच ते म्हणावं लागतं.

मी म्हटलं, "टोचन तेवढं लावू देऊ नकोस. बाकी चहा वगैरे घ्या. मी येतोय."

टोचन का नको?

मामांचं अर्धं वाक्य बरोबर होतं. नव्या रिंगा आणि नुकतंच होन केलेलं सिलिंडर यांचं घर्षण जास्त असतं. त्यामुळे बांधून आलेलं इंजिन पहिल्यांदा थोडं जड फिरतं. पण जड फिरणं वेगळं आणि न फिरणं वेगळं.

सेल्फच्या मोटरची ताकद बेताची असते. आत काही अडकलं असेल तर ती बिचारी गप्प बसते, फार तर गरम होते. टोचन लावून गिअरमध्ये ओढलेल्या गाडीचं तसं नसतं. तिथे सहा-सातशे किलोंचं वजन चाकांमधून, गिअरबॉक्समधून क्रँकवर येतं आणि जे अडलंय त्याला जबरदस्तीने फिरवतं. अडलेला व्हॉल्व्ह असेल तर तो वाकतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बेअरिंग आवळून बसलं असेल तर ते आपल्या जागेवरून सरकतं आणि नुकताच ग्राइंड केलेला क्रँक खरवडतो. थोडक्यात, पाचशे रुपयांच्या दुखण्याचं पंचवीस हजारांचं ऑपरेशन होतं. आणि पुरावा त्यातच नष्ट होतो. मग चूक कोणाची, यावर नुसती भांडणं.

म्हणून नियम साधा: इंजिन का फिरत नाही हे कळेपर्यंत त्याला जोर लावायचा नाही.

आधी कान, मग डोळे

तपासाची सुरुवात फुकटात होते. हेडलाईट लावा, एकाला बाहेर उभं करा आणि चावी मारा. आवाज ऐका, दिवे बघा.

काहीच आवाज नाही आणि दिवेही लागत नाहीत: बॅटरी पार झोपलीय किंवा टर्मिनल सुटलंय.

'कटकटकटकट' असा भराभर आवाज: बॅटरी कमजोर आहे किंवा कुठेतरी जोड ढिला आहे. सोलेनॉइड खेचला जातो, तेवढ्यात व्होल्टेज पडतं, तो सुटतो, पुन्हा खेचला जातो.

एकच 'टक्' आणि दिवे जसेच्या तसे: सोलेनॉइड हलला, पण करंट मोटरपर्यंत गेला नाही. दोष बहुधा सोलेनॉइडच्या आतल्या संपर्कात किंवा मोटरच्या कार्बन ब्रशमध्ये.

'टक्' आणि दिवे एकदम मलूल: मोटर करंट खेचतेय, पण फिरू शकत नाही. एक तर बॅटरीत दम नाही, नाहीतर इंजिन जाम आहे.

'घुंईंईं' असा मोकळा आवाज: मोटर मजेत फिरतेय, पण तिचं पिनियन फ्लायव्हीलच्या रिंग गिअरला पकडत नाहीये.

आणि चावी मारल्यावर कुठेच काही हालचाल नाही, दिवे मात्र झकास: चावीच्या स्विचपासून सेल्फपर्यंतची बारीक वायर बघा. इंजिन चढवताना ती लावायची राहून जाते, हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. अलीकडच्या गाड्यांत इम्मोबिलायझर किंवा क्लचचा स्विचही असा बंद पुकारू शकतो.

मित्राची गाडी चौथ्या प्रकारातली. 'टक्' झालं आणि दिवे मेणबत्तीएवढे. म्हणजे दोनच संशयित उरले, बॅटरी किंवा जाम इंजिन. आयटीवाल्यांना हे आवडेल. पाच मिनिटांत अर्धा कोड बाजूला!

बॅटरी आणि विसरलेली पट्टी

गाडीचं इंजिन बांधायला आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस बॅटरी कोपऱ्यात पडून असते. त्यामुळे आधी मल्टिमीटर. शांत बसलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामीच समजा. 'दिवे तर लागतात' हा पुरावा नव्हे. हेडलाईटला काही अँपियर पुरतात, सेल्फला शंभराच्या घरात लागतात. चावी मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी दुसऱ्या गाडीवर तपासून घ्या किंवा खात्रीची बॅटरी जंपर केबलने जोडून बघा.

यानंतर अर्थिंग. इंजिन बसतं रबरच्या माउंटिंगवर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत एक जाड अर्थची पट्टी असते. इंजिन उतरवताना ती सुटते. चढवताना कधी विसरते, कधी ताज्या रंगावर आवळली जाते. रंगातूनही वीज जात नाही. मग बिचारा करंट परतीची वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या नाहीतर चोकच्या केबलमधून जायला बघतो. चावी मारल्यावर ती केबल गरम होत असेल किंवा धूर काढत असेल, तर गुन्हेगार सापडला म्हणून समजा.

ही तपासणी जंपर केबलच्या एका वायरने होते. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ, उघड्या धातूला. आता सेल्फ फिरला तर पट्टी साफ करा, आवळा आणि घरी जा. बांधलेलं इंजिन 'जाम झालं' म्हणून पुन्हा उतरवलं गेलं आणि दोष निघाला पट्टीचा, असे किस्से कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात.

मी पोहोचलो तेव्हा मित्राने बॅटरी मोजून घेतली होती. १२.५. अर्थची जंपरही लावून बघितली. फरक शून्य. मामा आमच्याकडे बघत विडी ओढत होते.

पाना लावा, हाताने फिरवा

या आजारातली सगळ्यात मोठी तपासणी ही. त्यासाठी लागतो एक सॉकेट आणि एक लांब दांडा. पूर्वी ही सोय गाडीबरोबरच मिळायची. अँबॅसिडरला पुढून हँडल घालून इंजिन फिरवता यायचं. इलेक्ट्रिक सेल्फ १९१२ सालच्या कॅडिलॅकपासून गाडीत आला, चार्ल्स केटरिंगच्या डोक्यातून. त्याआधी सगळं जग इंजिन हातानेच फिरवत होतं. हाताला जे कळतं ते चावीला कळत नाही.

मामांना कसं सांगायचं, हा प्रश्न होताच. मी एवढंच म्हटलं, "मामा, टोचन लावायचंच आहे, पण त्याआधी एकदा प्लग काढून पुलीवरून हाताने फिरवून बघू या का? आमची शंका जाईल." मामांनी विडी विझवली. "बघू की. त्यात काय!"

मंडळी, हे वाक्य पाठ करून ठेवा. त्यात आरोप नाही, शहाणपणा नाही. 'तुमचं चुकलंय' असं म्हटलं तर माणूस आपली बाजू लढवायला बसतो. 'एकदा बघू या' म्हटलं की तोही आपल्या बाजूला येऊन बघायला लागतो. ऑफिसमध्येही चालतं, करून बघा.

पद्धत अशी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं. सगळे स्पार्क प्लग बाहेर, म्हणजे सिलिंडरमधली हवा अडवणार नाही. मग क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिनच्या फिरण्याच्या दिशेने, हळू. यातून चारपैकी एक निकाल लागतो.

एक, इंजिन एकसारखं, जरा जड पण सलग, पूर्ण दोन फेऱ्या फिरतं. अभिनंदन, इंजिन ठीक आहे! दोष सेल्फमध्ये किंवा विजेत.

दोन, प्लग काढल्याबरोबर फिरतं आणि प्लगच्या भोकातून पिचकारी उडते. याला हायड्रॉलिक लॉक म्हणतात. हवा दाबली जाते, पाणी किंवा पेट्रोल दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि द्रवावर आपटून थांबतो. पाणी आलं असेल तर हेड गॅस्केट किंवा हेड बसवण्यात घोळ. पेट्रोल असेल तर कार्ब्युरेटरचा फ्लोट बघा. या वेळी भोकावर तोंड नेऊ नका, आणि आसपास कोणाच्या हातात विडी नको.

तीन, थोडं फिरतं आणि दर वेळी नेमक्या त्याच जागी खाडकन थांबतं. धातू धातूला लागतोय. टायमिंग चुकून पिस्टन व्हॉल्व्हला भिडतोय, किंवा सिलिंडरमध्ये एखादा नट-वायसर पडलाय. इथे एक इंचही जोर लावायचा नाही.

चार, ते हलतच नाही.

मामांनी पाना लावला. दोन्ही हातांनी दाबला. नंतर दांड्यावर पाइप चढवायला निघाले, तेवढ्यात स्वतःच थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे टाईट नाही. हे जाम आहे."

टोचनचा विषय तिथे संपला.

बाहेरून आत

चौथा निकाल आला म्हणून लगेच इंजिन खोलायचं नाही. आधी क्रँकला बाहेरून जे जे चिकटलंय ते एकेक करून सोडवायचं. प्रत्येक वेळी पुन्हा फिरवून बघायचं.

पहिल्यांदा सेल्फ मोटर काढा. तिचं पिनियन रिंग गिअरमध्ये तिरपं अडकून बसलं असेल, तर मोटर निघताच इंजिन मोकळं होतं. मग फॅन बेल्ट काढा. अल्टरनेटर किंवा पाण्याचा पंप जाम असू शकतो. मग कोणाला तरी क्लच दाबून धरायला सांगा. क्लच दाबल्यावर इंजिन फिरलं, तर भानगड गिअरबॉक्सच्या बाजूला. बोल्टही बघा. क्लचच्या किंवा फ्लायव्हीलच्या जागी एखादा जास्त लांब बोल्ट लागला, तर तो आत जाऊन टेकतो आणि सगळं थांबवतो. शेवटी टायमिंग बेल्ट काढून कॅमशाफ्ट वेगळा करा. पण त्यानंतर क्रँक आणि कॅम आपापले मनाला येईल तसे फिरवायचे नाहीत, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात.

आमच्याकडे हे सगळं झालं. सेल्फ निघाला, बेल्ट निघाला, मित्र क्लचवर पाय देऊन बसला. क्रँक जागचा हलेना. म्हणजे जे काय होतं ते पोटात होतं. मामांनी तोंड वाकडं केलं, पण इंजिन पुन्हा उतरवलं. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. मित्राने आणखी एक हाफ डे टाकला. बॉसला काय सांगितलं ते विचारू नका.

केसापेक्षा बारीक जागा

क्रँक ज्या मेन बेअरिंगांत फिरतो, त्यांच्यात आणि क्रँकमध्ये मोकळी जागा ठेवलेली असते. किती? मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या दोन-पाच पट. आपल्या डोक्यावरचा केस साधारणपणे याहून जाड असतो. एवढ्याशा फटीत ऑइलचा पापुद्रा बसतो आणि क्रँक त्या ऑइलवर तरंगत फिरतो. ती फट गेली की क्रँक बसला.

फट जाण्याची कारणं ठरावीक आहेत. क्रँक ग्राइंड केला ०.२५ मिलिमीटरने आणि बेअरिंगं त्याच्या पुढच्या मापाची आली, तर कॅप आवळताच क्रँक जाम. म्हणून लेथवाल्याकडून माप लिहून घ्यायचं आणि बेअरिंगच्या पाठीवरचा आकडा त्याच्याशी जुळवायचा. बेअरिंगच्या मागे कचऱ्याचा एक कण राहिला तरी तेच. ब्लॉक आणि मेन कॅप कारखान्यात एकत्र बोअर केलेले असतात. त्यामुळे पहिल्या नंबरची कॅप दुसऱ्या जागी, किंवा बरोबर जागी पण उलटी बसली, की गोल भोक गोल राहत नाही. कनेक्टिंग रॉडच्या कॅपचंही असंच. आणि आपल्या हवेतलं खास कारण म्हणजे गंज. पावसाळ्यात कोरडंच जुळवलेलं इंजिन महिनाभर पडून राहिलं, की रिंगा सिलिंडरला धरून बसतात.

शोधायची रीत सोपी आहे. इंजिन उलटं करायचं, चेंबर काढायचा. मेन कॅप एकेक करून सैल करत जायच्या आणि प्रत्येक वेळी क्रँक फिरवून बघायचा. जिच्यापाशी तो सुटतो, ती गुन्हेगार.

पहिली सैल केली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी सैल झाली आणि क्रँक लोण्यासारखा फिरला. गॅरेजमध्ये एकदम शांतता. मामांनी ती कॅप काढली, चिंधीने पुसली, चष्मा लावून बघितली. कॅपवर बाणाची खूण होती. बाकीचे सगळे बाण पुलीकडे, याचा गिअरबॉक्सकडे.

मग हे आधीच का नाही कळलं? कारण जुळवताना सगळ्या कॅप नुसत्या हाताने लावून ठेवल्या होत्या. तशात क्रँक फिरत होता, पिस्टनही बसले. शेवटचं आवळणं 'नंतर एकदम' झालं, आणि त्यानंतर कोणी फिरवून बघितलं नाही. आवळण्याचं काम मामांनी हाताखालच्या पोरावर सोडलं होतं. मला वाटलं, आता त्याची कानउघाडणी होणार. मामा त्याला म्हणाले, "चूक माझी. मी बघायला पाहिजे होतं. आता नट आवळला की क्रँक फिरवायचा. पुढचा आवळला की पुन्हा फिरवायचा. समजलं?" पोराने मान हलवली. मला एकदम आमच्या ऑफिसातले रिव्ह्यू आठवले. असा बॉस किती जणांना मिळतो?

काढलेल्या बेअरिंगवर एक चकचकीत डाग पडला होता. क्रँकला नखही लागलं नव्हतं. नाना पेठेतून बेअरिंग आलं, प्लास्टिगेजची बारीक काडी ठेवून फट मोजली आणि मगच कॅप बसली. नुकसान झालं ते चेंबरचं गॅस्केट, थोडं ऑइल आणि दोन दिवसांची मजुरी. मजुरी मामांनी घेतली नाही. शंभर फूट टोचन लावलं असतं तर तो क्रँक गेला असता.

फिरलं, आता सावकाश

इंजिन मोकळं झालं म्हणून लगेच चावी मारायची नाही. आत सगळं कोरडं असतं. प्लग बाहेर ठेवून, इग्निशन कॉइलची वायर काढून, सेल्फ दहा-दहा सेकंद फिरवायचा आणि मध्ये मिनिटभर थांबायचं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला की प्लग लावून स्टार्ट करायचं. पहिले हजारेक किलोमीटर इंजिन ताणायचं नाही, आणि पहिलं ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलायचं, कारण नव्या भागांची झीज त्यातच उतरते.

गाडी गणपतीला कुंभार्ली घाट उतरून गुहागरला जाऊन आली. बाबांनी ६० च्या वर काटा जाऊ दिला नाही. मागच्या ट्रकवाल्यांचं मत आम्ही विचारलेलं नाही.

खिशात ठेवा

इंजिन बांधायला देताना मेकॅनिकला एवढं सांगा: "शेवटचं आवळून झालं की मला बोलवा, हाताने फिरवून बघू." गाडीत चढवण्याआधी फिरलं, तर पुढचा अर्धा तपास वाचतो.

लेथवाल्याचं माप कागदावर घ्या. बेअरिंग, पिस्टन आणि रिंगांचे रिकामे डबे टाकू नका. त्यांच्यावरचे आकडे नंतर कामाला येतात.

चावी मारून 'टक्' झालं तर क्रम असा: दिवे बघा, बॅटरी मोजा, अर्थ लावून बघा, प्लग काढून हाताने फिरवा, सेल्फ काढून फिरवा. खोलायचं सगळ्यात शेवटी.

पान्याला पाइप चढवावासा वाटला की तिथेच थांबा.

टोचन फक्त गॅरेजपर्यंत जायला. गिअर न्यूट्रलला ठेवून!